समलिंगी असणं पाप आहे का? (प्रश्न ख्रिस्ती सभासदांना, पण लिहा सगळ्यांनी)

तारकपूर
सलाम मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज नाइलाजाने धागा काढतेय.

माझा मावसभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बारावीपर्यंत आम्ही नगरला शेजारी-शेजारी वाढलो. संडे स्कूलला एका सायकलवर जायचो. नाताळच्या नाटकात तो दर वर्षी मेंढपाळच व्हायचा, कारण खरं घोंगडं फक्त त्याच्या घरी होतं. आता बॉस्टनजवळ असतो. ऑक्टोबरात त्याचं लग्न आहे. नवरामुलगा तो, आणि समोरचाही नवरामुलगाच. नऊ वर्षं एकत्र राहतायत. लग्न कचेरीत नाही, चर्चमध्ये, पाळकांच्या हातून, आशीर्वादासकट.

मावशी चाललीय. आईलाही बोलावणं आहे, तिकीट तोच काढणार. आई म्हणते, "पोरगं माझंच आहे. पण त्या उपासनेला मी बसले म्हणजे पापाला आमेन म्हटल्यासारखंच की." त्यावरून दोघी सख्ख्या बहिणींचं वाजलं. तीन आठवडे फोन बंद आहे.

माझा प्रश्न सरळ आहे. आमच्या मंडळीत हे पाप, आणि तिथल्या मंडळीत त्याचाच विवाहविधी. पवित्र शास्त्र तेच, प्रभू तोच. मग हे आलं कुठून? "प्रेम महत्त्वाचं" एवढंच लिहून पुढे जाऊ नका, तेवढं मलाही कळतं. आईला दाखवता येईल असं काही लिहा. ती धागा वाचणार आहे (अक्षर मोठं करून), तेव्हा भाषा जपून.

कट्ट्यावरचा
चहा-खारी घेऊन बसलोय. काकू वाचणार आहेत म्हणून पाय खाली घेऊन बसलोय.

नवजन्म
ताई, तुमच्या आईंना माझा सलाम सांगा. त्यांना जे वाटतंय ते जुनाट नाही.

पाप काय हे मी ठरवत नाही, माझं मन तर त्याहून ठरवत नाही. लेवीय १८:२२ आणि २०:१३ आहे. ते जुन्या करारातलं म्हणून सोडलं तरी रोमकरांस १:२६-२७ आहे, करिंथकरांस पहिलं पत्र ६:९ आहे. आणि ही वचनं बाजूला ठेवली तरी मूळ पाया उत्पत्तीत आहे: नर आणि नारी, आणि दोघं एकदेह होतील. घटस्फोटाचा प्रश्न आला तेव्हा प्रभूने मत्तय १९ मध्ये तिथेच बोट ठेवलं. सगळ्या शास्त्रात विवाहाचं दुसरं चित्र नाही.

पण करिंथच्या त्याच यादीत लोभी आहेत, मद्यपी आहेत, चहाडखोर आहेत. म्हणजे मीही आहे. पुढचं अकरावं वचन म्हणतं की तुमच्यातले काही जण असेच होते. भावाचा तिरस्कार करायला कुणी सांगत नाही. पण त्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं हे प्रेम नव्हे. आईंनी घरी बोलवावं, जेवू घालावं. त्या विधीला बसू नये, असं माझं मत.

केळीचा लोंगर
लेवीय उघडलंच आहे तर अकरावा अध्यायही वाचा. पाण्यातलं ज्याला पंख आणि खवले नाहीत ते सगळं अमंगळ. म्हणजे कोळंबी, चिंबोरी, कालवं, सगळंच बाद. आमच्या वसईत हा अध्याय मोठ्याने वाचला तर लग्नाची पंगत उठेल. एकोणिसाव्यात दोन जातींच्या धाग्यांचं कापडही नको म्हटलंय. टेरीकॉट घालून वेदीवर उभे राहणारे कितीतरी फादर मी पाहिलेत.

एक वचन कायमचं आणि शेजारचं रद्द, हे कोण ठरवतं?

नवजन्म
@लोंगर, हा प्रश्न पहिल्या शतकातच निकालात निघाला. प्रेषितांची कृत्ये अध्याय १०, पेत्राला चादरीचं दर्शन. अन्न शुद्ध झालं. अध्याय १५, यरुशलेमची सभा. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर मोशेच्या नियमशास्त्राचं ओझं टाकायचं नाही असं ठरलं, फक्त चार गोष्टी वर्ज्य ठेवल्या. अन्नाचे विधी वेगळे, नीतीचे नियम वेगळे.

खिडकीतली जुई
त्या चारांत "रक्त" आहे ना? मग आमच्या गोव्याच्या आजीच्या सोरपोतेलाचं काय? डुकराचं रक्त घातल्याशिवाय ते सोरपोतेलच नव्हे, असं ती म्हणायची आणि मग मिस्साला जायची.

कट्ट्यावरचा
आमच्याकडे बोकडाची रक्ती करतात. म्हणजे स्वर्गात जागा मोकळीच पडली असणार.

नवजन्म
हा हा, पकडलंत. मी सोरपोतेल खात नाही, पण ते कोलेस्टेरॉलमुळे. तरी त्याच चारांत चौथी गोष्ट जारकर्म आहे, आणि त्या सभेला बसलेल्या यहुदी माणसांच्या मनात त्या शब्दाचा अर्थ लेवीय अठरावरूनच आलेला होता. एक रद्द झालं म्हणून सगळंच रद्द होत नाही.

खिडकीतली जुई
मान्य. पण मग रक्त कधी रद्द झालं, कोणत्या सभेत, हेही सांगा. थेट १४४२ मध्ये, फ्लॉरेन्सच्या परिषदेत. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक खात होते आणि मंडळीने बघायचं सोडून दिलं होतं. माझा मुद्दा तोच आहे.

पेन्शनर पाळक
प्रिय तारकपूरताई, मी अडतीस वर्षे मंडळीची सेवा करून आता घरी बसलो आहे. दोन गोष्टी लिहितो. एक शब्दांबद्दल, दुसरी तुमच्या भावाच्या चर्चबद्दल.

करिंथकरांस ६:९ मध्ये पौलाने दोन ग्रीक शब्द वापरले आहेत, मालाकॉय आणि आर्सेनोकॉयताय. पहिल्याचा सरळ अर्थ "मऊ". दुसरा त्याच्या आधी कुठे सापडत नाही, बहुधा त्यानेच घडवला असावा. लूथरने त्या शब्दासाठी जर्मनमध्ये लहान मुलांवर हात टाकणारे अशा अर्थाचा शब्द घातला. इंग्रजी बायबलात "समलिंगी" हा आधुनिक शब्द पहिल्यांदा आला तो १९४६ सालच्या सुधारित आवृत्तीत, तोही दोन्ही शब्द एकत्र गुंडाळून. १९७१ मध्ये त्याच भाषांतरकारांनी तो काढून "विकृत" अशा अर्थाचा शब्द घातला. आपल्याकडे पंडिता रमाबाईंना आधीच्या भाषांतरातले शब्द इतके खटकले की त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आयुष्याची शेवटची वर्षे केडगावला बसून सगळे शास्त्र पुन्हा मराठीत आणले, आणि १९२२ मध्ये वारल्या. छापून पुरे झाले ते १९२४ मध्ये. शब्द ही किरकोळ गोष्ट नाही, एवढेच सांगायचे आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी वकिली करतो आहे असे होईल. पौल जे ग्रीक शास्त्र वाचत होता त्यात लेवीय २०:१३ मध्ये "आर्सेनोस" (पुरुष) आणि "कॉयतेन" (शय्या) हे शब्द लागोपाठ आले आहेत. त्याने ते जोडून शब्द केला असेल तर त्याचा रोख उघड आहे. मला हा मुद्दा खोडता आलेला नाही. रोमकरांसचा पहिला अध्यायही कुठल्याच व्याकरणाने पुसता येत नाही. पौलाच्या डोळ्यांसमोर नऊ वर्षे एकत्र राहून विवाहाची शपथ घेणारे दोघे होते का, हा वेगळा प्रश्न. बहुधा नव्हते. त्यातून काय निष्पन्न होते यावरच जगभरच्या मंडळ्या भांडत आहेत.

विवाह स्त्री-पुरुषाचाच असे मी आजही मानतो. पण सदोमाचे (देवाने नाश केलेल्या नगराचे) नाव घेऊन कोणी बोलू लागले की मी त्याला यहेज्केल १६:४९ उघडायला लावतो. सदोमाचे पाप काय, तर गर्व, भरल्या पोटाची निश्चिंती, आणि गरिबाला हात न देणे.

तारकपूर
पाळकसाहेब, चर्चबद्दल लिहायचं राहिलं तुमचं. पत्रिकेवर "कॉन्ग्रिगेशनल" लिहिलंय, १७०० च्या शतकातलं चर्च आहे म्हणे.

पेन्शनर पाळक
ताई, तेच सांगणार होतो, नातू आला म्हणून उठलो.

ते चर्च परके नाही, आपले आजोळ आहे. १८१० मध्ये न्यू इंग्लंडच्या कॉन्ग्रिगेशनल लोकांनी अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था काढली. १८१२ मध्ये बॉस्टनशेजारच्या सेलम गावी पाच तरुणांना दीक्षा दिली. त्यांतले गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्याच अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले. तिथूनच १८४२ मध्ये ज्ञानोदय हे नियतकालिक निघाले. ज्यांच्या शाळेत सावित्रीबाई फुले शिक्षिकेचे शिक्षण घ्यायला आल्या त्या सिंथिया फॅरार याच मिशनच्या.

त्या कॉन्ग्रिगेशनल मंडळ्यांचा आजचा वारसा युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या संघाकडे आहे. त्यांनी १९७२ मध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या एका तरुणाला पाळक म्हणून दीक्षा दिली आणि जुलै २००५ मध्ये अटलांटाच्या महासभेत समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारा ठराव केला. मॅसॅच्युसेट्स राज्यात असा विवाह त्याच्या वर्षभर आधीच, मे २००४ पासून, कायदेशीर झाला होता. त्यांच्या रचनेत प्रत्येक मंडळी स्वतंत्र असते, वरून बिशपचा हुकूम येत नाही. म्हणून एक मंडळी हा विधी करते आणि कोसभरावरची दुसरी करत नाही, असे होऊ शकते. नगरच्या बऱ्याच मंडळ्या मात्र पुढे उत्तर भारतीय मंडळीत (स्थापना नागपूर, १९७०) गेल्या. तिथे बिशप आहेत, सिनॉड (वरची सभा) आहे. एका मंडळीने मनात आणले तरी तिला ते करता यायचे नाही.

म्हणजे ज्यांनी आपल्या पणजोबांच्या हातात शास्त्र दिले त्यांची पणतवंडे ते एका प्रकारे वाचतात आणि आपण दुसऱ्या. आम्ही मिशनऱ्यांचे १८३१ सालचे वाचन जपून ठेवले आहे. ते स्वतः पुढे गेले की वाट चुकले, हे आपापले ठरवावे.

कट्ट्यावरचा
ख्रिस्ती नसूनही वाचत बसलोय. पाळककाका, करिंथच्या त्या यादीत "देवाच्या राज्याचे वतन मिळणार नाही" असं वाचलं. वतन! आमच्या पणजोबांचं वतन गेलं त्याचा दावा अजून चालू आहे, वरचंही जाणार असेल तर सांगून ठेवा.

थेम्सकाठी
इंग्लंडमधून. आम्ही तळेगावचे, इथे अँग्लिकन चर्चला जातो. इथला घोळ ऐका.

१९९८ च्या लॅम्बेथ परिषदेत जगभरच्या अँग्लिकन बिशपांनी ठराव केला की समलिंगी संबंध शास्त्राशी विसंगत आहेत. बाजूने ५२६, विरोधात ७०. मग २००३ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशरला जीन रॉबिन्सन बिशप झाले, स्वतः उघडपणे जोडीदारासोबत राहणारे. तिथून फाटत गेलं. २००८ मध्ये आफ्रिकेतल्या बिशपांच्या पुढाकाराने यरुशलेमला वेगळी परिषद भरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या सिनॉडने समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना मान्य केल्या, पण विवाह नाही. त्यातही सामान्य सभासदांच्या सभागृहात १०३ विरुद्ध ९२. म्हणजे बाकावर तुमच्या शेजारी बसलेला माणूस विरुद्ध बाजूचा असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी.

दक्षिण आफ्रिकेचे माजी आर्चबिशप डेस्मंड टुटू २०१३ मध्ये म्हणाले होते की समलिंगींचा द्वेष करणाऱ्या स्वर्गात मी जाणार नाही. त्यांची मुलगी म्फो पाळक होती, एका स्त्रीशी लग्न केल्यावर तिला दक्षिण आफ्रिकेतला परवाना सोडावा लागला. २०२२ मध्ये इथे तिच्या धर्मपित्याचा अंत्यविधी होता. चर्चमध्ये तिला तो चालवू दिला नाही. शेवटी घरच्यांनी विधीच चर्चबाहेर मांडवात हलवला.

युगांडाच्या अँग्लिकन चर्चने २०२३ च्या तिथल्या कडक कायद्याचं स्वागत केलं. हे सगळे एकाच कुटुंबातले म्हणवतात. तारकपूर, तुमच्या घरात दोनच बहिणींचं बिनसलंय, त्यामानाने बरं आहे.

मिठाचा खडा
मूळ मुद्दाच निसटतोय. हे सगळं पश्चिमेचं फॅड आहे. आपल्याकडे असले प्रश्न नव्हते. अमेरिकेत पोटभर झालं की लोकांना असलं सुचतं.

वकिलीण
@खडा, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कुठून आलं माहीत आहे का? १८६० ची दंडसंहिता, मसुदा मेकॉलेच्या आयोगाचा. फॅड म्हणायचंच तर ते लंडनहून आलेलं होतं, आणि दीडशेहून जास्त वर्षं टिकलं.

धाग्याशी संबंधित एवढंच. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कलम सौम्य केलं तेव्हा विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या, अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल. डिसेंबर २०१३ मध्ये ते कलम परत लागू झालं. तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी सांगितलं की चर्चचा समलिंगी विवाहाला विरोध आहे, पण समलिंगी माणसांना आम्ही कधी गुन्हेगार मानलेलं नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला कलमाचा तो भाग गेला. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. पाप आणि गुन्हा या दोन फायली वेगळ्या आहेत. आईंची अडचण पहिल्या फायलीतली आहे, दुसरी त्यांनी उघडायची गरज नाही.

मिठाचा खडा
(प्रतिसाद काढून टाकला आहे.)

वकिलीण
(प्रतिसाद काढून टाकला आहे.)

संपादक
दोघांनाही विनंती, कुणाच्या धर्मात काय चालतं याची जुगलबंदी वेगळ्या धाग्यावर. इथे एक काकू वाचताहेत.

डॅलसचा डबेवाला
थेम्सकाठी, तुमच्याकडे निदान इमारत एकच राहिली. आमच्याकडे वाटणी झाली.

युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या नियमपुस्तकात १९७२ पासून एक वाक्य होतं, की समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे. २०१९ च्या विशेष महासभेत ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी नियम आणखी आवळला. गंमत म्हणजे जिंकलेलेच मग बाहेर पडू लागले, कारण अमेरिकेतल्या बऱ्याच बिशपांनी नियम पाळायला नकार दिला. जागेसकट बाहेर पडायची मुदत २०२३ अखेर होती. तोवर अमेरिकेतल्या साडेसात हजारांवर मंडळ्या गेल्या, म्हणजे साधारण चारातली एक. ते गेल्यावर मे २०२४ मध्ये शार्लटच्या महासभेत ते वाक्य निघालं.

बाहेर पडायला हजर सभासदांची दोन तृतीयांश मतं लागायची. आमच्या चर्चमध्ये चिठ्ठ्या टाकल्या, प्रस्ताव अकरा मतांनी पडला. पुढच्या रविवारी गायकवर्ग पाहिला तर आल्टो सगळ्या गायब आणि टेनर सगळे हजर. हरलेल्यांनी दोन सिग्नल पुढे शाळेच्या सभागृहात उपासना चालू केली. भांडण शास्त्रावरून झालं खरं, पण शेवटचे सहा महिने बोलणं चाललं होतं ते छपराच्या दुरुस्तीच्या कर्जावर आणि कब्रस्तान कोणाकडे राहणार यावर. माझी ढोकळ्याची मोठी परात अजून तिकडे आहे.

खिडकीतली जुई
परात मागून आणा. तोच समेटाचा पहिला टप्पा.

तिसरा बाक
लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. हा आयडी खास या धाग्यासाठी काढलाय.

मी कॅथलिक आहे, एक्केचाळीस वर्षांचा, आणि समलिंगी आहे. धर्मग्रामाचं नाव सांगत नाही. मी एकटा राहतो. कुणाशी संबंध नाही, चर्चची शिकवण आहे म्हणून. दर रविवारी मिस्साला तिसऱ्या बाकावर बसतो, कारण मागे बसलं की लोक बोलायला थांबतात आणि "यंदा लाडू कधी" विचारतात.

तुम्ही जी वाक्यं इथे इकडून तिकडे फेकताय ती मला पाठ आहेत. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद २३५७ ते २३५९. पहिल्यात अशी कृत्यं मुळातच विसंगत आहेत असं लिहिलंय. दुसऱ्यात अशा माणसांना आदराने, कणवेने, हळुवारपणे वागवावं, अन्याय्य भेदभाव करू नये. तिसऱ्यात त्यांना ब्रह्मचर्याचं पाचारण आहे. पहिला आणि तिसरा मी पाळतो. दुसरा तुम्ही पाळायचा असतो.

अकरा परिच्छेद पुढे, २३७० मध्ये, संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना मुळातच वाईट म्हटलंय. आमच्या धर्मग्रामात पन्नाशीच्या आतल्या बहुतेक घरांत दोनच मुलं आहेत. कम्युनियनच्या रांगेत मी त्यांच्याच मागे उभा असतो, आणि त्यांच्या घरात काय चालतं यावर कुणी प्रवचन दिलेलं मी ऐकलेलं नाही.

@नवजन्म, तुमचा प्रतिसाद सभ्य होता, रागावलो नाही. फक्त एक. माझ्यासारख्याकडे बोट दाखवून "बघा, याला जमतं" असं त्या बॉस्टनच्या मुलाला सांगू नका. मला जमतं की नाही हे रात्री अकरानंतर मलाच माहीत असतं.

केळीचा लोंगर
भाऊ, मी वर कोळंबीचे विनोद करत होतो. थांबतो.

नवजन्म
तिसरा बाक, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. माझं मत बदललेलं नाही, खोटं कशाला सांगू. पण परिच्छेदांचा तो हिशोब बरोबर आहे. आमच्याकडे एकट्या राहणाऱ्या माणसाला आम्ही देतो काय? फॅमिली कॅम्प, कपल्स फेलोशिप. पवित्र राहा म्हणायचं आणि रविवारी दुपारी जेवायला बोलवायचं नाही. यावर मी आमच्या गटात बोलेन.

खिडकीतली जुई
@तिसरा बाक, विचारू का? २०२३ च्या डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांच्या काळात ते आशीर्वादाचं पत्रक आलं तेव्हा काही फरक पडला?

तिसरा बाक
विचारा की. फरक पडला, पण उलटा. पत्रक म्हणतं की जोडप्याला साधा, अनौपचारिक आशीर्वाद देता येईल. पण विधी नाही, लग्नासारखं काही नाही, शिकवण आहे तीच. महिन्याभरात आफ्रिकेच्या बिशपांनी आम्ही देणार नाही म्हणून कळवलं. आमच्याकडे कुणी काही बोललंच नाही. मला जोडीदार नाही, त्यामुळे आशीर्वादही नको होता. त्या आठवड्यात घराघरांत जे बोललं गेलं ते मात्र ऐकावं लागलं. माझ्या थोरल्या बहिणीने मटार सोलता सोलता विचारलं, "तुझ्यासारख्यांचं काय ते आलंय ना पेपरात?" तिला माहीत आहे हे मला त्या दिवशी कळलं.

चिकू
मीही थोडं लिहिते. माझ्या मैत्रिणीला घरच्यांनी एकवीस दिवसांच्या उपास-प्रार्थनेला बसवलं होतं, तिच्यातून "आत्मा" काढायला. तेल, हात ठेवणं, ओरडणं, सगळं झालं. एकविसाव्या दिवशी तिने "गेला" म्हणून सांगितलं, कारण भूक लागली होती. आज ती दुसऱ्या शहरात आहे, कुठल्याच चर्चला जात नाही. जिवंत आहे.

अमेरिकेत असल्या "बदलवण्याचं" काम करणारी सगळ्यात मोठी ख्रिस्ती संघटना, एक्झोडस इंटरनॅशनल, २०१३ मध्ये माफी मागून बंद झाली. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असले "उपचार" थांबवायला सांगितले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. प्रार्थनेला बसवणाऱ्यांना कोण सांगणार?

नवजन्म
हे चूक आहे, आणि आमच्या लोकांकडून होतं. नाही म्हणत नाही.

पेन्शनर पाळक
चिकूताईंचे वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून कबूल करतो.

मी सेवेत असताना एका तरुणाने माझ्यासमोर हे सांगितले होते. मी त्याला रोमकरांसचा पहिला अध्याय वाचून दाखवला, प्रार्थना केली, आणि लग्न केलेस की ठीक होईल असे म्हणालो. लग्न मीच लावले. ते पाच वर्षे टिकले. त्यात त्या मुलीचीही पाच वर्षे गेली. शास्त्र मी बरोबर वाचले असेल, सल्ला चुकीचा होता.

आणखी एक. आमच्या मंडळीत दोन जातींतून आलेल्या कुटुंबांत सोयरीक होत नसे. ख्रिस्तात यहुदी नाही, हेल्लेणी नाही, हे गलतीकरांसचे वचन भिंतीवर रंगवलेले होते, त्याच्याखालीच बसून लोक मुलीसाठी "आपल्यातला" मुलगा शोधत. त्यावर मी एकदाही कोणाला प्रभुभोजनापासून थांबवले नाही. तेव्हा मंडळीला कोणते पाप दिसते आणि कोणते दिसत नाही याबद्दल माझा अनुभव फारसा चांगला नाही.

आता तारकपूरताईंच्या आईंसाठी. बहीणबाई, तुमचा प्रश्न पाप आहे की नाही हा नाहीच, तुमचे उत्तर ठरलेले आहे. तुमचा प्रश्न बसावे की नाही हा आहे. २ राजे, अध्याय ५ काढा. अरामाचा सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाला, परमेश्वराशिवाय दुसऱ्याला यज्ञ करणार नाही म्हणाला. मग अठराव्या वचनात अडखळला. माझा धनी रिम्मोनाच्या मंदिरात जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेतो, मलाही वाकावे लागते, त्याची परमेश्वराने क्षमा करावी. अलीशा संदेष्ट्याने त्याला उपदेश केला नाही. एवढेच म्हणाला, शांतीने जा.

नवजन्म
पाळकसाहेब, नामान नाइलाजाने वाकत होता, काकू खुशीने जातील. तंतोतंत बसत नाही. पण विचार करायला लावलंत.

थेम्सकाठी
काकूंची बहीण म्हातारी आहे, विमानात आधाराला हात लागेलच. बसतंय की.

तारकपूर
सगळ्यांचे आभार. तिसरा बाक, तुमचा प्रतिसाद आईने दोनदा वाचला. मग चष्मा पुसत म्हणाली, "याला कोण जेवायला बोलावतं?" उत्तर द्यायचं असेल तर द्या, नाहीतर राहू दे.

पाळकसाहेबांचं वाचून मी आईचं पवित्र शास्त्र काढलं. १९७८ चं, लग्नात मिळालेलं. ज्या वचनावर उपदेश झाला त्याखाली ती रेघ मारते आणि समासात तारीख घालते. रोमकरांसच्या पहिल्या अध्यायात शेवटच्या वचनांखाली निळ्या शाईच्या रेघा आहेत, तीन वेगवेगळ्या तारखा. पान उलटलं की दुसऱ्या अध्यायाचं पहिलं वचन येतं, दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तुला सबब नाही, या अर्थाचं. तिथे रेघ नाही. यहेज्केल सोळाची पानं एकमेकांना चिकटलेली निघाली, एका पावसाळ्यात ओल आली होती तेव्हापासूनची असावीत. सुरीने हळूच सोडवली. नामानाच्या गोष्टीवर मात्र पेन्सिलीने माझ्या आजोबांच्या अक्षरात "मुलांना सांगणे" असं लिहिलंय.

आईने काल मावशीला फोन केला. पाप ते पापच, असं तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं. मावशीने फोन ठेवला नाही. मग आई म्हणाली, "मी येते. बसते. पण आमेन म्हणणार नाही, आधीच सांगते, मग तिथे माझ्याकडे बघत बसायचं नाही." भावाला कळवलं तर त्याचा निरोप आला: मावशी, आमेन राहू दे, अनारसे आण.

विमान दुबईवरून आहे, तिथे सात तास थांबा. अनारसे टिकतील ना?

डॅलसचा डबेवाला
टिकतात, पीठ नीट मुरलेलं असेल तर पंधरा दिवस. पण दुबईवरून असेल तर खसखस नको. तिथे खसखशीला बंदी आहे, उगाच बॅग उघडायला लावतील.

केळीचा लोंगर
खसखशीशिवाय अनारसे म्हणजे आमेनशिवाय प्रार्थना.

तारकपूर
आई विचारतेय, तिळावर थापले तर चालतील का.